इफिसच्या देवीचा बोरीतला जयजयकार

बोरीच्या मारुतीपुढं मी तीस वर्षं कीर्तनाला पेटी वाजवली. त्या तीस वर्षांत रडवणारे बुवा पाहिले, अभंगाच्या दुसऱ्या चरणाला स्वतःच पेंगणारे बुवा पाहिले आणि प्रत्येक निरूपणात पुरणपोळीचा दृष्टांत देऊन यजमानीणबाईंकडं आशेनं बघणारे बुवाही पाहिले. माझं सगळ्यांवर प्रेम आहे. वाईट कीर्तन असं काही नसतंच. फार तर उपाशी कीर्तन असतं. पण परक्या मुलखातल्या देवीचा, जिचं देऊळ पडूनही दीड हजार वर्षं झाली तिचा, अख्ख्या गावानं घसा फोडून जयजयकार केला, आणि तोही ख्रिस्ती बुवाच्या कीर्तनात, असं मात्र एकदाच झालं. पेटीवर मी होतो. त्यामुळं थोडं पाप माझ्याही खात्यावर असणार. देव सांभाळून घेईल. त्याला माझी सवय आहे.

आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. शांतवनबुवा म्हणून ख्रिस्ती कीर्तनकार होते. पंचावन्नच्या घरातले, अंगानं काटकुळे, धोतर, काळी टोपी, गळ्यात उपरणं. सेलूपासून जिंतूरपर्यंतचे बाजार त्यांनी चिपळ्या वाजवत पालथे घातले होते. त्यांचे वडीलही हेच करत. बोरीच्या बाजारात ते कडेच्या लिंबाखाली उभे राहून त्यांच्या प्रभूचं आख्यान लावायचे आणि मी दुकान टाकून ऐकायला जायचो. भक्तिभावानं जायचो, पण चाली चोरायलाही जायचो. तेही आमच्या चोरत. आमच्या काकड्याची एक चाल त्यांच्या नाताळात जाऊन बसली होती, आणि त्यांच्या नाताळातली एक मी रामजन्माला बिनदिक्कत वाजवत होतो. वर देवादेवांत यावरून काही तंटा झाल्याचं ऐकिवात नाही.

एका बाजाराच्या दिवशी बुवा माझ्याकडं आले ते थेट ओट्यावर बसले. चहा पुढं केला तर बशीत ओतून तशीच धरून बसले.

"बन्सीधरराव," ते म्हणाले, "चिपळ्या चालल्या."

"चोरीला?"

"कपाटात. नवे पाळकसाहेब आलेत ना आमच्या चर्चला. लय शिकलेले. ते म्हणतात, लोक गाण्याला डोलतात आणि वचन डोक्यावरून जातं. हातात पोथी घेऊन सरळ उभं राहून सांगावं, हे नाचणं-बिचणं बंद."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? एक कीर्तन स्वतः ऐका म्हणालो. ते कबूल झाले. कीर्तनानंतर ते श्रोत्यांना प्रश्न विचारणार. लोकांना कळलं असलं तर चिपळ्या राहतील. नाही कळलं, तर चिपळ्या त्यांच्या हवाली करायच्या आणि मी मिशनच्या वसतिगृहाच्या कोठारावर बसायचं." बशीतला चहा आता त्यांच्या धोतरावर सांडायला लागला होता. "तुरीच्या डाळीपुढं काय कीर्तन करू हो मी?"

"विषय काय?"

"तोही त्यांनीच दिला. इफिस शहराचा इतिहास. आमच्या धर्माच्या पहिल्या दिवसांत लय मोठं गाव होतं ते. पण इतिहास! इतिहासाला चाल कशी लावावी माणसानं?"

मी म्हणालो, "तुमच्या वस्तीत करा की. घरची माणसं सांभाळून घेतील."

"वस्तीत चाळीस माणसं. त्यातली वीस माझी सोयरी. मी तोंड उघडलं की त्यांना झोप लागते, लहानपणापासूनची सवय. मला ऐकणारी माणसं पाहिजेत. कीर्तनात मुरलेली. बोरीसारखी."

असं कुणी म्हटल्यावर बोरीचा माणूस काय करणार? मी त्यांना घेऊन तडक दिनकररावांकडं गेलो. दिनकरराव देवळाचे पंच, गावातले मोठे शेतकरी, आणि कोणत्याही बाबतीत आधी नाही म्हणायचं अशी त्यांची पद्धत. पण त्यांनी एकच विचारलं.

"कीर्तन हाय का भाषण?"

"कीर्तन."

"मंग होऊ द्या. देव त्यांनी त्यांचा आणावा. पेटी-तबला आपला."

"मारुतीला ऐकू जाईल," मी उगीच म्हणालो.

"जाऊ द्या की. त्या बिचाऱ्याला बी रोज तेच तेच ऐकून..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

पुढच्या बाजाराची सकाळ ठरली. मी आठ दिवस गावात सांगत फिरलो, की नीट ऐका, बुवांच्या चिपळ्या तुमच्या हातात आहेत. इथंच माझं चुकलं. कारण गावानं मनावर घेतलं. आणि बोरीनं एखादी गोष्ट मनावर घेतली, की ती गोष्ट वाचत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की परक्या बुवाला काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही आणि एकही जयकार रिकामा जाऊ द्यायचा नाही.

पौषातली कोवळी उन्हं होती. मारुतीच्या देवळालगतच्या त्याच लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. शाळेतून खुर्ची आणून पाळकसाहेबांना सगळ्यात मागं, बाभळीच्या सावलीत बसवलं होतं. पांढरा कोट, चष्मा, मांडीवर वही. तबल्यावर आमचा भुजंग. पुढच्या रांगेत मुंजाजी सोनार बसला होता. तो टाक करायचा, म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देव. आसपासच्या पंधरा गावांतल्या धनगरांचे खंडोबा त्याच्याच ऐरणीवर जन्मले होते, आणि याचा त्याला देवापेक्षा जास्त अभिमान होता. एका कडेला मल्हारी धनगर आणि त्याची बायको भिवराबाई बसले होते. त्यांची मेंढरं पलीकडच्या पडीत बसली होती आणि भिवराबाई बसल्या जागेवरून त्यांची दर थोड्या वेळानं मोजदाद करत होती.

बुवांनी नमन गायलं. काय आवाज लागला होता त्यांचा! आख्यान सुरू झालं.

"कायस्तर नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं हे इफिस. गलबतं थेट गावात यायची. डोंगर खोदून तमाशाची जागा केलेली, पायऱ्या-पायऱ्यांची. किती माणसं बसावीत? बोरी बसवा, जिंतूर बसवा, मानवत बसवा, तरी वर पाय पसरायला जागा!"

"अन् परभणी?" मागून कुणीतरी विचारलं.

"परभणीकर उभे राहतील," बुवा म्हणाले. पहिला हशा झाला. पाळकसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"आणि त्या गावात अर्तमी देवीचं देऊळ. जगातल्या सात नवलांतलं एक. खांब किती? एकशे सत्तावीस! आणि आपल्या चावडीला किती?"

"चार," दिनकरराव म्हणाले. "त्यातला एक वाळवीनं खाल्ला."

"ते देऊळ एकानं पेटवून दिलं होतं. कशासाठी? आपलं नाव व्हावं म्हणून! तेव्हा गावानं ठराव केला, की याचं नाव कुणी उच्चारायचंच नाही."

"मंग नाव काय व्हतं त्याचं?" मल्हारीनं विचारलं.

"म्हणून तर मी सांगत नाही," बुवा म्हणाले, आणि पेटीवर माझा हसून सूर चुकला. "गावानं देऊळ पुन्हा बांधलं, पहिल्याहून मोठं. आणि आतली मूर्ती? लोक सांगत, ती माणसानं घडवलेली नाहीच. आभाळातून पडलेली!"

बायकांत एकदम कुजबुज उठली. "स्वयंभू!" भिवराबाईनं हात जोडले. तिचं बघून आणखी वीस जणींनी जोडले. बुवांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मला वाटलं, देवीच आहे, हात जोडल्यानं काय झिजतंय?

मग त्यांनी त्या गावातल्या सात भावांची गोष्ट लावली. हे सातही देवऋषी, भुतं उतरवणारे. पौल नावाचा प्रभूचा भक्त त्या गावात राहायला आला होता. तो येशूच्या नावानं भुतं काढतो हे ऐकून या सातांनीही एका झपाटलेल्याला धरलं आणि म्हणाले, पौल ज्याचं नाव घेतो त्या येशूच्या नावानं सांगतो, नीघ! भूत म्हणालं, येशू माझ्या ओळखीचा आहे. पौलाचंही नाव ऐकून आहे. तुम्ही कोण? आणि त्या एकट्यानं सातांना असं बडवलं, की सातही भाऊ नागडेउघडे गल्लीतून पळाले. बुवांनी ते पळणं चिपळ्यांवर वाजवून दाखवलं. आमच्या गावच्या देवऋष्याला हसून हसून ठसका लागला आणि त्याला पाणी द्यावं लागलं.

इथवर कीर्तन असं रंगलं होतं, की मी मनात म्हणालो, चिपळ्या राहिल्या. आता आले ते सोनार.

"त्या गावात देमेत्रिय नावाचा सोनार होता," बुवा म्हणाले. "देवीची चांदीची इवलाली देवळं करायचा. यात्रेकरू ती घरी न्यायचे."

मुंजाजी ताठ बसला. "किती तोळ्याचं देऊळ?"

"पोथीत वजन दिलेलं नाही."

"वजन न्हाई दिलं? पोथी लिहिणारा सोनार नसंल."

"नव्हता," बुवा म्हणाले. "तर पौल लोकांना सांगत सुटला, हातांनी केलेले देव हे देव नव्हेत. देमेत्रियाची झोप उडाली. त्यानं सगळे सोनार गोळा केले आणि म्हणाला..."

आणि बुवांनी पद लावलं. पुढं कधीतरी ते मला म्हणाले, की साऱ्या आख्यानात त्यांना सुचलेली सगळ्यात गोड चाल ती होती आणि ती चुकीच्या माणसाच्या तोंडी गेली.

*ठोका रे ठोका, चांदीला ठोका,*
*देवीच्या नावानं वाजवा डंका ।*
*पौल तो सांगे, हे देवच न्हवं,*
*मग या हातांनी करावं काय हो, करावं काय?*

दुसऱ्या फेरीला सगळं गाव टाळ्या देत होतं. तिसऱ्या फेरीला मुंजाजी उठून उभा राहिला. "करावं काय?" असं बुवांनी विचारलं, की तो दोन्ही तळवे पसरून गावाला दाखवायचा. त्याच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. आणि मग बुवा देमेत्रियाच्या आवेशात गरजले:

"मग सारं गाव उठलं आणि ओरडत सुटलं. इफिसकरांची अर्तमी देवी..." आणि त्यांनी उजवा हात वर केला.

आता, कीर्तनात बुवानं हात वर केला की श्रोत्यांनी जयकार पुरा करायचा असतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. हात वर गेला, की तोंड आपोआप उघडतं. आणि त्या दिवशी तर गाव आठ दिवसांपासून तोंड उघडायची वाट बघत होतं.

"थोऽऽर!" तीनशे माणसं ओरडली. लिंबावरचे कावळे उडाले.

बुवा दचकले. असा पाठिंबा त्यांना जन्मात मिळाला नव्हता. सवयीनं त्यांचा हात पुन्हा वर गेला. पुन्हा "थोऽऽर!" मल्हारीच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी होतीच, त्यानं मूठभर हळद आभाळात उधळली. बायकांनी ओव्यांच्या सुरात देवीचं नाव धरलं. मुंजाजी तर आता स्वतःच पुढं होऊन म्हणत होता, "बोला, इफिसकरांची अर्तमी देवी..."

"थोऽऽर!"

घाबरून बुवांनी दोन्ही हात वर केले. थांबा, गप्प बसा, असं त्यांना सांगायचं होतं. पण बुवांनी दोन्ही हात वर केले, की आमच्याकडं त्याचा अर्थ एकच. आवाज दुप्पट. भुजंगानं तबल्याची लय दुगणीत नेली. मीही, देवा क्षमा कर, पेटी वरच्या पट्टीत चढवली. बुवा हात जितके जोरानं हलवत, तितकं गाव जोरानं ओरडत होतं.

बाजार उठून आला. मिरचीवाल्या आल्या, कासार बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून आला.

"काय झालंय ओ?"

"देवी आलीय."

"कुठली?"

"इफिसची."

"इफिस कुठं आलं?"

"आसंल की सेलूच्या पलीकडं. थोऽऽर!"

आणि विचारणाराही ओरडायला लागायचा. इतक्यात पोलिसांचा जमादार धावत आला. त्या वर्षी चार माणसं एका सुरात ओरडली, की त्याला चळवळच दिसायची. पण घोषणा ऐकून तो गोंधळला. वर्षभरापूर्वीच मुलूख इकडचे तिकडं झाले होते. इफिस मुंबई राज्यात आलं की म्हैसूरला गेलं, हे काही त्याला सांगता येईना. मग तोही टोपी काढून, कुणाचाच अपमान नको म्हणून, हात जोडून उभा राहिला.

किती वेळ हे चाललं ते कुणी मोजलं नाही. पिवळ्या धुळीत मला बुवा दिसले. टोपी कलंडलेली, ओठ हलतायत, शब्द ऐकू येत नाहीत. त्यांनी एकदा मागं, खुर्चीच्या दिशेनं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि ते खाली बसले.

नुसते मातीत बसले. सतरंजीवरही नाही.

बुवा कीर्तनात बसत नाही. नारदाच्या गादीवर उभा राहिलेला माणूस आरती होईपर्यंत बसत नाही. बसला, तर कीर्तन मोडलं, आणि मोडल्याचा दोष गावाला. भुजंगाचे हात तबल्यावरच थांबले. पुढची रांग गप्प झाली, मग मागची, मग बाजार. मुंजाजीचा हात तेवढा वर राहिला होता, तो दिनकररावांनी धरून खाली घेतला.

"बुवा बसले," भिवराबाई हळूच म्हणाली, घरात कुणी आजारी पडल्यासारखी.

बुवांनी बसल्या बसल्याच सांगायला सुरुवात केली. चाल नाही, चिपळ्या नाहीत.

"तिथंही असंच झालं होतं. डोंगरातली ती सगळी जागा भरली. एक जण बोलायला उठला, त्यानं हात वर केला, तर लोक आणखी ओरडले. दोन तास. त्यातल्या निम्म्यांना आपण कशासाठी जमलोय हेच माहीत नव्हतं."

दिनकरराव खाकरले.

"शेवटी गावच्या कचेरीतला पेशकार पुढं आला. तो म्हणाला, तुमची देवी केवढी मोठी, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. मग ओरडता कशाला? सोनारांची तक्रार असेल तर कचेऱ्या उघड्या आहेत, अर्ज द्या. नाहीतर दंग्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल. एवढं सांगून त्यानं लोकांना घरी पाठवलं."

"पेशकार असा असतोय व्हय?" मल्हारी पुटपुटला. "आमच्या नशिबाला कुठला आलता!"

"मंग देवीचं काय झालं?" भिवराबाईनं विचारलं.

"नदीनं गाळ आणला, बाई. दरवर्षी थोडा थोडा. समुद्र मागं सरकला, कोसभर, दोन कोस. गलबतं येईनात. बंदराची दलदल झाली, हिवताप आला, माणसं उठून गेली. देवीचं देऊळ पडलं, त्याचे दगड लोकांनी दुसऱ्या बांधकामांना नेले."

"अन् तुमचं?" मुंजाजीनं विचारलं. त्याच्या आवाजात अजून थोडी सोनारकी होती.

 इथं बुवा खोटं बोलू शकले असते, निदान गप्प तरी बसू शकले असते.

"आमचीही मोठमोठी मंदिरं झाली तिथं. आमच्या साऱ्या मोठ्या धर्मगुरूंची सभा भरली होती. पण त्याच्या कितीतरी आधी तिथल्या आमच्या माणसांना प्रभूचं एक पत्र आलं होतं. तुमचं काम चांगलं चाललंय, पण पहिलं प्रेम आटलं. सावध व्हा, नाहीतर तुमची समई जागेवरून उचलून नेईन. आता तिथं समई नाही. आमचेही दगड पडलेत, देवीचेही पडलेत. वर गवत आहे."

"अन् गवतात?"

"मेंढरं चरतात म्हणे."

मल्हारीनं मान डोलावली. "मंजी शेवटी आमीच राह्यलो."

कुणी मोठ्यानं हसलं नाही, पण गावाचा श्वास मोकळा झाला. तेवढ्यात पाळकसाहेब गर्दीतून वाट काढत पुढं आले. त्यांच्या पांढऱ्या कोटावर हळद पडली होती. त्यांनी ठरल्याप्रमाणं प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि गावानं अशी धडाधड उत्तरं द्यायला सुरुवात केली, की मला रडू आलं. शहर कुठं? नदीच्या तोंडाशी. खांब किती? एकशे सत्तावीस, चावडीला चार. भाऊ किती? सात, सातही नागडे. समुद्र का गेला? गाळानं.

पाळकसाहेबांनी वही मिटली. "हे सगळं कळलं. मग जयजयकार कुणाचा केलात? ज्या सोनारांनी देवीच्या नावावर दंगा केला, त्यांचाच ना? म्हणजे शहर कळलं, वचन नाही कळलं." ते बुवांकडं वळले. आवाज कडक नव्हता, दमलेला होता. "मी म्हणालो होतो तुम्हाला. गाणं माणसाला वाहून नेतं. द्या."

त्यांनी हात पुढं केला. बुवा उठून उभे राहिले. उपरण्यानं चिपळ्या पुसल्या, आणि त्यांच्या तळहातावर ठेवल्या. मी पेटीचा भाता दाबला, का कोण जाणे, आणि तिच्यातून एक भिकार सूर निघाला.

"सायब," भिवराबाई म्हणाली, "वचन बी कळलं."

पाळकसाहेब वळले.

"त्या सोनाराला देवीची काळजी न्हवती, आपल्या टाकाची व्हती. मुंजाजीला लागलं म्हणून तर तो रडला. खरं का न्हाई, मुंजाजी?"

मुंजाजी धोतराच्या सोग्यानं नाक पुसत राहिला. 

"मग ओरडलात का, बाई?"

"बुवानं हात वर केला की! पाव्हण्या माणसाचा हात तसाच लोंबकळत ठिवायचा व्हय? आमाला काय रीत हाय का न्हाई? अन् सायब, तुमी बी तर वरडत व्हता."

"मी?"

"हाव. म्या कळप मोजायलते, मला समदं दिसतंय. आधी खुर्चीतून उठलात, मंग वही पडली, मंग तोंड उघडलं. लय येळ वरडलात. पर सुरात व्हतं. भुजंगापरीस सुरात."

भुजंगानं वाईट वाटून घेतलं. बाकी सारं गाव पाळकसाहेबांकडं बघायला लागलं. ते म्हणू शकले असते, की मी लोकांना गप्प बसायला सांगत होतो. शिकलेला माणूस, त्याला शंभर कारणं सुचली असती. पण त्यांचे कान लाल झाले. भला माणूस होता. भल्या माणसाचे कान त्याच्याआधी कबूल होतात.

"माझे आजोबा," ते खाली बघत म्हणाले, "मृदंग वाजवायचे. भजनात."

"कुठं?" दिनकररावांनी विचारलं.

"पाथरीकडं."

"आरं देवा! मंग आधी सांगायचं न्हाई? मृदंगाच्या घरचा माणूस, अन् आमी त्याला कचेरीसारखं खुर्चीत बसवलं, बाभळीखाली! मल्हारी, ती खुर्ची उचल. या, इथं सतरंजीवर बसा, पेटीशेजारी."

आणि त्यांनी पाळकसाहेबांच्या दंडाला धरून त्यांना खरंच माझ्याशेजारी आणून बसवलं. चिपळ्या अजून त्यांच्याच हातात होत्या. त्यांनी त्या उलटसुलट करून बघितल्या. अंगठ्यानं एक झांज हलवून बघितली. ज्याला वाजवायचं ठाऊक नाही तो तशी हलवत नाही. मग बसल्या जागेवरून हात लांब करून त्या बुवांना दिल्या.

"मोडलेलं कीर्तन तसंच टाकू नये," ते म्हणाले. "आरती करा."

"कुणाची?" भिवराबाईनं विचारलं.

"ज्याचं कीर्तन, त्याची."

बुवांनी त्यांच्या प्रभूची आरती धरली. चाल आमच्या मारुतीच्या आरतीची होती, कारण ती त्यांनी आमच्याकडूनच चोरलेली. गाव उभं राहिलं. शब्द येत नव्हते, पण सूर पाठ होता, आणि तेवढ्यावर तीनशे माणसं शेवटपर्यंत गेली. पाळकसाहेब डोळे मिटून गात होते. भिवराबाई म्हणाली ते खरं होतं. भुजंगापेक्षा कितीतरी सुरात.

दुपारी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला आम्ही पाच-सहा जण गेलो. कोटावरची हळद त्यांनी झटकली होती, पण गेली नव्हती. पायरीवर पाय ठेवून ते बुवांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात मानवतला ठेवा. बाजाराच्या दिवशीच. विषय मी देईन."

"कोणतं शहर, साहेब?" बुवांनी विचारलं.

पाळकसाहेबांनी एकदा मुंजाजीकडं बघितलं.

"बघतो. ज्यात सोनार नव्हते असं एखादं शोधतो."

मोटार हलली. मुंजाजी धुळीत उभा राहून बराच वेळ तिच्याकडं बघत होता. मग मला म्हणाला, "बन्सीधर, आसं शहर आसतंय व्हय रे कुठं?"